अर्धी हूल

ज्या जिल्ह्यात नरसी नामदेव आणि औंढा नागनाथ ही दोन क्षेत्रे आहेत, त्या जिल्ह्यात सारे आयुष्य घालवलेल्या मनुष्याने उतारवयात पत्त्यांवर निबंध लिहावयास बसावे, हे आमच्या काही स्नेह्यांना रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. पत्ते म्हटले की आपल्या पांढरपेशा घरांत दोन चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एक उन्हाळ्याच्या सुटीचे. माजघरात सतरंजी अंथरलेली आहे, लहान मुले बदाम सात खेळत आहेत, आणि मेंढीकोटात दश्शी मारली गेल्यामुळे दोन चुलतभाऊ हातघाईवर आले आहेत. दुसरे चित्र काळोखाचे. मिणमिणता दिवा, तीन पत्तीचा डाव, आणि घरी वाट पाहणारी बायकामुले. या दुसऱ्या चित्राचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही. द्यूताने काय होते हे ज्यांना महाभारताने शिकवले नाही, त्यांना आमचा निबंध काय शिकवणार? आमच्या घरात पत्ते नेहमी चिंचोक्यांनी खेळले जातात आणि डाव संपल्यावर ते चिंचोके पुन्हा एकाच डब्यात भरले जातात. इतके सांगितल्यावर वाचकांनी मनात किंतु न ठेवता आमच्या सतरंजीवर बसावे, अशी विनंती आहे.

सन २०२३ च्या दिवाळीत आम्ही वसमत तालुक्यातील आमच्या गावी, थोरल्या वहिनींकडे गेलो होतो. दादा वारल्याला बरीच वर्षे झाली. शेती वहिनीच पाहतात. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, पुण्यास संगणकाच्या नोकरीत असतो. भाऊबीजेच्या रात्री जेवणे झाल्यावर नेहमीप्रमाणे पत्त्यांचा जोड बाहेर निघाला, तेव्हा तो म्हणाला, "काका, तीन पत्ती पुरे झाली. आज पोकर शिकवतो." ऐंशीच्या घरातल्या आत्याबाई, बँकेतून निवृत्त झालेले आमचे मेहुणे, वहिनी, पुतण्या आणि आम्ही, असे पाच जण बसलो. प्रत्येकाला दोनदोनशे चिंचोके मिळाले.

खेळ समजावयास कठीण नाही. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मध्यभागी पाच पाने सर्वांची म्हणून उघडी पडावयाची असतात. परंतु ती एकदम पडत नाहीत. आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. प्रत्येक टप्प्यावर बोली होते. समोरच्याने लावले तितके आपण भरावे, वाढवावे, किंवा पाने टाकून मोकळे व्हावे. शेवटी आपली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत सरस, त्याची मधली रास.

येथेच तीन पत्तीहून या खेळाचा मोठा भेद आहे. तीन पत्तीत तीन पाने वाटली की दैवाने आपले बोलणे संपवलेले असते. त्यानंतर जे बोलावयाचे ते माणसांनी. पोकरमध्ये दैव मध्ये-मध्ये बोलत राहते. आता ज्याच्या हाती काही नाही, त्याच्या हाती घटकाभराने सर्व काही येऊ शकते. या एका फरकामुळे पोकरमध्ये एक अशी चाल शक्य होते, जिला तीन पत्तीत जागाच नाही. तिच्यासाठीच हा निबंध.

हूल म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसास सांगावे लागत नाही. बैल मारावयाचा नसतो, तरी शिंगे रोखून दोन पावले पुढे येतो, आपण मागे सरतो, ती हूल. पत्त्यांतही तेच. हाती काही नसता असल्याचा आव आणून भारी बोली करावयाची, म्हणजे समोरचा भिऊन पाने टाकतो. सन १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी खेळांच्या गणितावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पोकरच्या या हुलीलाही गणिताचे आसन मिळाले. जो कधीच हूल देत नाही, त्याने बोली वाढवताच सारे जण सावध होऊन पाने टाकतात, आणि खरोखर चांगल्या पानांचेही त्याला मोल मिळत नाही. म्हणजे अधूनमधून हूल देणे हा नुसता खट्याळपणा नव्हे. तो खेळाच्या हिशोबाचाच एक भाग आहे.

परंतु निव्वळ हुलीत जिंकण्याचा मार्ग एकच असतो: समोरच्याने भिणे. तो भ्याला नाही, की सारे संपले. अमेरिकेतील डेव्हिड स्क्लान्स्की या गणिती वृत्तीच्या खेळाडूने आपल्या पोकरविषयक ग्रंथात हिच्याहून शहाणी अशी दुसरी हूल वर्णिली आहे. पुतण्याने तिचे इंग्रजी नाव सांगितले. आम्ही तिला 'अर्धी हूल' म्हणतो. आता या घटकेला आपली पाने बहुधा दुबळी आहेत, परंतु पुढे येणाऱ्या पानाने ती सर्वांत सबळ होण्याचा संभव आहे. अशा वेळी केलेली जोरदार बोली म्हणजे अर्धी हूल. तिच्यात जिंकण्याची दारे दोन. समोरचा मागे सरला तर रास आताच आपली. न सरला, तर पान येण्याची आशा आहेच.

या दोन दारांचा हिशोब पुतण्याने कागदावर मांडून दाखवला, तो गणित शिकवून केस पिकवलेल्या आम्हांसही रंजक वाटला. समजा, आपल्या हाती बदामाची राणी आणि बदामाची नव्वी आहे. मध्ये बदामाची छक्की, बदामाची दुर्री, इस्पिकचा राजा आणि किलवरची अठ्ठी अशी चार पाने उघडी पडली आहेत. बदाम चार झाले; पाचवा आला की एका रंगाची पाच पाने होतात आणि डाव बहुतकरून आपला. आपण सहा पाने पाहिली, न पाहिलेली शेहेचाळीस उरली. त्यांत बदाम नऊ. म्हणजे शंभरात सुमारे वीस वेळा बदाम येईल. (आधीची तीनच पाने उघडी असती आणि पुढची दोन्ही पाहावयास मिळणार असती, तर हाच संभव शंभरात पस्तीसपर्यंत गेला असता.) मधली रास शंभर चिंचोक्यांची, आपण साठ लावले.

आता पाहा. हाती काहीच नसताना हे साठ लावले असते, तर तोटा टाळण्यासाठी समोरच्याने आठांतून तीनदा तरी पाने टाकली पाहिजेत. परंतु चार बदाम हाती असताना? समोरच्याने साठ भरले तर रास दोनशेवीसची होते, शेहेचाळिसांतून नऊ वेळा ती आपल्याला मिळावयाची, म्हणजे सरासरीने तिच्यातले त्रेचाळीस आपले, घातले साठ, तोटा सतराचा. समोरच्याने पाने टाकली तर शंभर आपले. शंभर डावांतून पंधराच वेळा तो मागे सरला, तरी पंधराशेचा लाभ आणि पंच्याऐंशी वेळांचा मिळून चौदाशेपंचेचाळिसाचा तोटा. हिशोब आपल्याच बाजूला! बदाम आला की आपण जिंकतो आणि शेवटच्या पानानंतर कोणी अधिक लावत नाही, असे यात धरले आहे, हे खरे. तरी मुख्य गोष्ट स्पष्ट आहे. दुसऱ्या दाराने जिंकण्याची आशा पाचांत एक इतकीच. पण तेवढ्यानेच पहिल्या दारावरचा भार निम्म्याहून अधिक हलका झाला.

अर्धी हूल केव्हा द्यावी आणि केव्हा देऊ नये, हे मात्र कागदावर कळत नाही. ते सतरंजीवर कळते. आत्याबाईंचे तत्त्व असे की, हाती आलेले पान ही लक्ष्मी, ती टाकू नये. त्यांच्यापुढे साठ लावा, सहाशे लावा, त्या शांतपणे भरतात. अशा माणसास हूल देणे व्यर्थ. पहिले दार तेथे भिंतीत चिणलेले असते. त्यांच्याशी खेळताना पान फुकट पाहावयास मिळाले तर पाहावे, आणि पाने खरोखर जुळली की मगच लावावे. उलट आमच्या मेहुण्यांनी जन्मभर कर्जाचे अर्ज तपासले; तारण पक्के दिसल्याखेरीज ते एक चिंचोका पुढे सरकवत नाहीत. अर्धी हूल द्यावी ती अशांना. समोर एक माणूस असेल तर उत्तम, दोन असतील तर विचार करावा. चौघे असतील तर त्यांतल्या एकाकडे तरी खरी पाने असणारच, तेव्हा गप्प बसावे. बोलण्याची पाळी शेवटी असणे चांगले. आधी बोलणाऱ्यांनी हात आखडता घेतलेला आपल्याला दिसतो. समोरचा उलट तिप्पट वाढवील असा रंग असेल, तर आवरावे. कारण मग येऊ घातलेले पान न पाहताच उठण्याची पाळी येते आणि दोन्ही दारे एकदम बंद होतात.

आणखी दोन पथ्ये. खरी पाने हाती असता आपण जितके लावू, ज्या संथपणे लावू, तितकेच आणि तसेच हुलीतही लावावे. हुलीच्या वेळी हात थरथरला किंवा आवाज चढला, तर मेहुणेसुद्धा पाने टाकत नाहीत. आणि सर्वांत मोठे पथ्य हे की, शेवटचे पान पडल्यावर अर्धी हूल अशी काही उरतच नाही. मग एक तर तुमच्याजवळ आहे, किंवा नाही. नसताना लावाल, ती निव्वळ हूल.

हे शेवटचे पथ्य पुतण्या सांगत होता, तेव्हा आमचे लक्ष पत्त्यांवरून उडाले आणि चोवीस वर्षे मागे गेले.

सन १९९९. त्या वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. आम्ही तेव्हा एका खाजगी शाळेत गणित शिकवत होतो. पर्यवेक्षकाची जागा आम्हांस मिळावी असे आमचे मत होते, आणि ती आमच्याहून कनिष्ठ गृहस्थास मिळाली. आमच्या शिकवण्याचा लौकिक होता. नव्या जिल्ह्यात जागाच जागा निघतील अशी हवा होती. आणि आमच्यावाचून दहावीच्या वर्गाचे काय होईल, हा प्रश्न शाळेला नसला तरी आम्हांला फार मोठा वाटत होता. आम्ही राजीनामा लिहिला. सोडून जावयाचे नव्हतेच; त्यांनी घाबरून आमची समजूत घालावी, इतकाच हेतू. गावी सहज बोलणे निघाले तेव्हा वहिनींनी एकच विचारले, "दुसरीकडं काही ठरलंय का, भावजी?" आम्ही हसून म्हणालो, "ठरवायचं कशाला? ते सोडतायत होय आम्हांला!"

राजीनामा आठ दिवसांत मंजूर झाला. पत्र दोन ओळींचे होते. दुसऱ्या ओळीत शुभेच्छा होत्या.

पुढचे दीड वर्ष आम्ही कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने गावातून चालत होतो. सकाळ-संध्याकाळ शिकवण्या केल्या. सौभाग्यवतींच्या हातातल्या चार पाटल्यांच्या दोन झाल्या, आणि मग त्या दोनही दिसेनाशा झाल्या. दर महिन्याला गावाहून ज्वारीचे एक पोते येई. कोणी पाठवले, हे आणणारा सांगत नसे, आणि आम्हीही विचारत नसू. पुढे दुसरीकडे नोकरी मिळाली, परंतु सेवाज्येष्ठता पुन्हा शून्यापासून. या सर्व काळात आम्ही शाळेच्या चालकांना मनातल्या मनात पुष्कळ दूषणे दिली. चोवीस वर्षांनी, भाऊबीजेच्या रात्री, त्यांच्यावरचा आमचा राग एकाएकी गेला. त्यांनी आमची पाने पाहावयास मागितली होती, इतकेच. पाने आमच्याजवळ नव्हती. आम्ही शेवटचे पान पडून गेल्यावर, हाती काही नसताना, घरादारासकट सारी रास मध्ये लोटली होती, आणि त्याला स्वाभिमान असे नाव दिले होते.

याच्या अगदी उलट गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर त्याच वर्षी घडलेली होती, आणि तिचा अर्थही आम्हांस त्या रात्रीच उमगला. वसमत-हिंगोलीकडे हळदीचे पीक मोठे. जूनमध्ये लावावयाचे, फेब्रुवारी-मार्चात काढावयाचे. मग उकडणे, वाळवणे, घोळून चकाकी आणणे. म्हणजे वर्षाचा बहुतेक जीव त्या एका पिकात गुंतलेला. २०२३ च्या एप्रिलात भाव फार खाली होते. वहिनींनी मजुरी आणि सोसायटीचे कर्ज फिटेल इतकी हळद विकून टाकली, आणि उरलेली आतल्या खोलीत फळ्यांवर कोरडी रचली. एक व्यापारी घरी आला, तेव्हा आम्ही तेथेच होतो. त्याने भाव सांगितला. वहिनी म्हणाल्या, "या भावानं हळकुंडसुद्धा द्यायचं नाही मला. घाई नाही." घाई नाही, हे सर्वस्वी खरे नव्हते, पावसाळ्यापूर्वी विहिरीचे बांधकाम उरकावयाचे होते, त्याला पैसे हवे होते. व्यापाऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली, चहा घेतला, आणि भाव न वाढवता तो निघून गेला. हूल वाया गेली, असे आम्हांस वाटले. आम्ही तसे म्हणालोही. वहिनी नुसत्या फळ्यांवरची पोती नीट करीत राहिल्या.

पुढे पाऊस लांबला, लागवड घटल्याच्या वार्ता आल्या, आणि जुलै-ऑगस्टपर्यंत हळदीचे भाव दुपटीहून वर गेले. त्यांचे पहिले दार उघडले नव्हते, दुसरे उघडले.

त्या रात्री हे सारे आम्ही वहिनींना बोलून दाखवले. राजीनाम्याचा विषय आमच्या तोंडून घरात प्रथमच निघत होता. पत्ते पिसता पिसता त्या म्हणाल्या, "उकडून वाळवलेली हळद कुजत नाही, भावजी. आज नाही त उद्या, काही ना काही देतेच. तुमचा कागद काय देणार व्हता?" आणि मग आमच्याकडे न पाहता, "आता कशाला मनाला लावून घेयलाव? वाटा पत्ते."

पत्ते वाटले. योग असा की, काही डावांनी आमच्या हाती तेच आले, जे पुतण्याने कागदावर मांडले होते: बदाम चार, पान एक येणे बाकी, आणि समोर एकट्या वहिनी. आम्ही हात थरथरू न देता साठ चिंचोके लावले. वहिनींनी मधल्या पानांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि साठ भरले. शेवटचे पान पडले: चौकटची तिर्री. आम्ही पुढे काही लावले नाही. वहिनींकडे राजांची जोडी होती. दोनशेवीस चिंचोके त्यांनी पदराने ओढून घेतले. आत्याबाईंना फार आनंद झाला.

पुतण्याने आमचे सांत्वन करावयास तोंड उघडले, पण आम्हांस सांत्वन नको होते. चाल बरोबर होती. पान आले नाही, एवढेच. शाळेच्या चालकांनी त्या वर्षी घाबरून आमची मनधरणी केली असती, तर आम्ही जन्मभर आपल्या धूर्तपणाच्या गोष्टी सांगत फिरलो असतो. पण ती चाल तेव्हाही चूकच ठरावयास हवी होती. हळदीचे भाव चढले नसते, तर गावाने वहिनींना हट्टी म्हटले असते. पण ती चाल तेव्हाही बरोबरच राहिली असती. चालीचा निवाडा निकालावरून करण्याची आपल्याला सवय आहे, आणि जगातली पुष्कळ मूर्ख माणसे त्यामुळेच शहाणी म्हणून मिरवतात. खरा प्रश्न एकच: शिंगे रोखली, त्या घटकेला तुमच्यामागे दुसरे दार होते की नव्हते?

चिंचोके मोजून डब्यात भरले, तेव्हा आमच्या वाट्याचे अवघे एकतीस उरले होते. सकाळी निघताना वहिनींनी आमच्या पिशवीत ज्वारीची पुरचुंडी घातली. या वेळी ती कोणी दिली, हे विचारण्याचे कारण नव्हते. आम्ही वाकून नमस्कार केला.